पोलाद, खार आणि ब्युरेट : देऊळघाट परिसरातील रासायनिक कामाच्या शिक्षणाचा इतिहास

देऊळघाट हे बुलढाणा तालुक्यातले घाटमाथ्यावरचे जुने गाव. पैनगंगेचा उगम त्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी वऱ्हाडच्या उद्योगधंद्यांची नोंद केली. तिच्यात जाडेभरडे सुती कापड, सतरंज्या, थोडे रेशीमकाम आणि काही ठिकाणचे चांगले रंगकाम एवढाच माल होता. त्या आखूड यादीत देऊळघाटच्या वाट्याला एकच वाक्य आले : येथे बऱ्यापैकी प्रतीचे पोलाद घडवले जाते.

पोलाद घडवणे हे रसायनाचेच काम आहे, फक्त ते प्रयोगशाळेत होत नाही. लालबुंद पाते पाण्यात बुडवून कडक केले की ते काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून त्याला पुन्हा बेताने तापवावे लागते. किती तापले हे सांगायला तापमापक नसे. घासून स्वच्छ केलेल्या धातूवर उष्णतेने ऑक्साइडचा अतिपातळ थर चढतो आणि थराच्या जाडीनुसार रंग पालटतो. साधारण २३० अंश सेल्सिअसला गवती पिवळा, पुढे तांबूस जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबवले तर धार टिकते, निळ्यापर्यंत जाऊ दिले तर पाते लवचीक होते, पण मऊ पडते. विळ्याला कुठला रंग आणि कुऱ्हाडीला कुठला, हे भात्याशी बसलेला पोरगा बापाच्या हाताकडे पाहून शिकत असे. त्याची परीक्षा शेतात होई. पाते बोथटले किंवा तुटले की गिऱ्हाईक परत दारात उभे.

दख्खनच्या पोलादाची कीर्ती त्या नोंदीच्या कितीतरी आधीच दूरवर पोचलेली होती. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी पाठवलेल्या ‘वुट्झ’ पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीत तपासले गेले आणि जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये त्यांवर निबंध लिहिला. पुढे मायकेल फॅरेडे यांनीही वुट्झचे विश्लेषण केले आणि त्याचा गुण त्यातल्या अॅल्युमिनामुळे येतो, असा निष्कर्ष १८१९ मध्ये काढला. तो चुकीचा होता. पोलादाचा गुण कार्बनाच्या प्रमाणावर अवलंबून असतो. फॅरेडेंची अडचण अशी की त्या काळच्या विश्लेषणात भांडी, आम्ले आणि हात यांच्यामुळे येणारी चूक वेगळी काढण्याची शिस्त पुरती बसलेली नव्हती. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत प्रयोगशाळेतल्या सहायकाला जे शिकवले गेले, त्याचा मोठा भाग नेमका याच शिस्तीचा आहे.

याच जिल्ह्यात, आग्नेयेला, लोणारचे सरोवर आहे आणि तिथला धंदा तर उघडउघड रसायनाचा होता. ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख करताना काच आणि साबण बनवायला लागणारे सगळे पदार्थ इथे मिळतात, असे लिहिलेले आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरात बाहेरून पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी उडते, क्षार उरतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मजूर चिखलात उतरून खडे काढत आणि काठावर वाळवून त्यांची प्रतवारी करत.

ही प्रतवारी बघण्यासारखी आहे. तंतुमय स्फटिकांचा तो ‘दल्ला’; त्यात साध्या मिठाचे चौकोनी स्फटिक मिसळलेले असले की ‘निमक दल्ला’; घट्ट, दगडासारखा तो ‘खुप्पल’; हलका, पापुद्र्यांचा तो ‘पापडी’; आणि काठावरून खरवडलेला, मातीमिश्रित, भुसभुशीत माल तो ‘भुस्की’. आजच्या भाषेत सांगायचे तर सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि क्लोराइड यांची वेगवेगळ्या प्रमाणातली ही मिश्रणे. बांगड्यांच्या काचेला, रंगाऱ्यांना आणि धुलाईला कुठला खार लागतो हे व्यापाऱ्याला ठाऊक होते. डोळा, बोट आणि जीभ या तीन साधनांवर चाललेले हे गुणात्मक विश्लेषणच होते. त्याची हद्दही तिथेच संपत असे. खुप्पलमध्ये कार्बोनेट शेकडा किती, हे जिभेला सांगता येत नाही.

ते सांगणारे लोक बाहेरून आले. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारला भेट दिली. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १९०३ पासून तो मध्यप्रांताला जोडला गेला. त्यानंतर जमीन, पाणी, खनिजे यांच्या तपासण्यांना वेग आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ला टूश आणि त्याच संस्थेचे रसायनज्ञ क्रिस्टी यांचा लोणारवरचा अभ्यास १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वेक्षणाची प्रयोगशाळा कलकत्त्यात होती. त्याच सुमारास नागपूरचे कृषी-रसायनज्ञ प्लायमेन यांनीही लोणारच्या क्षारांकडे लक्ष दिले. खार बुलढाण्याचा, आकडे कलकत्ता-नागपूरचे, असा हा मामला होता आणि तो बराच काळ तसाच राहिला.

या अहवालांवर साहेबांची नावे आहेत. बाटल्या धुणारे, मुशी भट्टीत ठेवणारे, गाळणकागद जाळून राख तोलणारे सहायक कागदावर आले नाहीत. त्यांचे शिक्षण म्हणजे उमेदवारीच होती. कॉलेजांच्या आणि सरकारी प्रयोगशाळांतून शिपाई म्हणून लागलेला मुलगा आधी काचसामान धुवायला, मग द्रावणे करायला आणि शेवटी, हात बसला तर, तराजूपाशी जायला शिके. लोहाराच्या पोराची आणि त्याची शिकण्याची तऱ्हा एकच होती. फरक एवढाच की लोहाराचा मुलगा पुढे स्वतः कारागीर होई आणि प्रयोगशाळेतला मुलगा निवृत्त होईपर्यंत ‘लॅब बॉय’ राही.

कारागिराला रसायनशास्त्र शिकवावे हा विचार या भागात मूळ धरू लागला तो बडोद्यातून. सयाजीराव गायकवाडांच्या पाठबळावर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी १८९० मध्ये तिथे कलाभवन उभे केले आणि रंगकामासारखे धंदे देशी भाषेतून, शास्त्राच्या पायावर शिकवायला सुरुवात केली. गज्जरांचे नाव सर्वसामान्यांच्या तोंडी गेले ते मात्र वेगळ्याच कारणाने. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये डांबर फासण्यात आले. दामोदर चाफेकरांनी ते काम आपले असल्याचे पुढे सांगितले. भल्याभल्यांना न निघालेला तो डाग गज्जरांनी काढला. राष्ट्रप्रेमाच्या तराजूत हा प्रसंग कुठे बसवायचा ते वाचकाने ठरवावे. पण संगमरवर हा कॅल्शियम कार्बोनेट आहे, आम्ल लागले तर दगडच खाल्ला जातो, आणि डाग काढून दगड राखणे हे हिंदी रसायनज्ञाने जमवले, याची दखल सगळ्यांना घ्यावी लागली. गज्जरांनी नंतर मुंबईत स्वतःची तांत्रिक-रासायनिक प्रयोगशाळा चालवली. १९०७ मध्ये बडोद्यात सुरू झालेल्या अलेम्बिक कारखान्याच्या उभारणीत त्यांच्याबरोबर अ. श्री. कोटिभास्कर आणि भा. दा. अमीन होते.

स्वदेशीच्या लाटेने काचेलाही हात घातला. पैसा फंडाच्या वर्गणीतून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काच कारखाना निघाला. माल विकण्याइतकाच माणसे तयार करण्याचा त्याचा हेतू होता आणि काचधंद्यातली बरीच पुढची माणसे तिथे घडली. प्रयोगशाळेचे उष्णतारोधक काचसामान मात्र कितीतरी वर्षे परदेशातूनच येत राहिले. फुटलेल्या ब्युरेटचे, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या खुणांच्या काचनळीचे, पैसे सहायकाच्या पगारातून कापण्याची अनेक ठिकाणची रीत या टंचाईच्या दिवसांतली आहे.

वऱ्हाडच्या विद्यार्थ्याला जवळची जागा म्हणजे नागपूर. तिथे १९०६ मध्ये विज्ञानाचे सरकारी कॉलेज आणि शेतकी कॉलेज अशा दोन्ही संस्था उभ्या राहिल्या. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज १९२३ मध्ये निघाले. आजची विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था ती हीच. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रशास्त्र विभाग १९३३ मध्ये सुरू झाला. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली लाखो रुपयांची मिळकत औद्योगिक शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला लिहून दिली होती. त्या देणगीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तेल, रंग, साबण, कागद यांचे तंत्रज्ञ विदर्भात तयार होऊ लागले.

या सगळ्या क्रमात एक उलटेपणा आहे. रसायनाचे शिक्षण वरून खाली आले. आधी पदवीधर, मग तंत्रज्ञ आणि सगळ्यात शेवटी रोज प्रत्यक्ष नमुना हातात धरणारा माणूस. १९५० पर्यंत त्याच्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम, परीक्षा किंवा दाखला असे काही नव्हते. साखर कारखान्यात, सूतगिरणीच्या रंगखात्यात, औषध कंपनीत हे काम एक तर बी.एस्सी. झालेला मुलगा करी, नाही तर ‘लॅब बॉय’. पहिल्याला हात नसे आणि दुसऱ्याला कारण ठाऊक नसे.

ही फट बुजवायला सुरुवात झाली ती केंद्र सरकारच्या कारागीर प्रशिक्षण योजनेने. योजना १९५० ची. १९५६ मध्ये औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा, म्हणजे आयटीआयचा, रोजचा कारभार राज्यांकडे आला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. वऱ्हाड मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला तोही याच वर्षी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखानदारांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. पुढे रसायन गटाचे ट्रेड ठरले : अटेंडंट ऑपरेटर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, मेंटेनन्स मेकॅनिक आणि ‘लॅबोरेटरी असिस्टंट (केमिकल प्लांट)’. विज्ञान व गणित घेऊन दहावी, त्यानंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि अखिल भारतीय परीक्षा. पोरे आपसात ‘एओसीपी’ आणि ‘एलएसीपी’ एवढेच म्हणतात आणि भरतीच्या जाहिरातीतही आधी ही अक्षरे शोधतात.

दोन वर्षांत नेमके काय शिकवतात हे लोणारच्याच पाण्यावरून पाहता येते. या पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास. त्यात कार्बोनेट किती आणि बायकार्बोनेट किती, हे शोधायचे आहे. पन्नास मिलिलिटरची ब्युरेट आधी पाण्याने आणि मग ज्या आम्लाने भरायची त्याच आम्लाने विसळायची. नुसत्या पाण्याने विसळली तर आत उरलेल्या थेंबांनी आम्ल पातळ होते. तोटीच्या खाली हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तो आधी काढायचा, नाही तर मध्येच तो सुटतो आणि रीडिंग खोटे येते. द्रवाचा पृष्ठभाग मध्ये खोलगट असतो. डोळा त्याच्या पातळीत आणून तळ जिथे टेकतो ते वाचायचे.

शंक्वाकृती पात्रात मोजून घेतलेले, पातळ केलेले पाणी. त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. पाणी गुलाबी होते. आम्ल थेंबथेंब सोडत डाव्या हाताने तोटी आणि उजव्या हाताने पात्र फिरवायचे. गुलाबी रंग गेला की पहिले रीडिंग. इथे कार्बोनेटचे बायकार्बोनेट झालेले असते, म्हणजे काम अर्धेच झाले आहे. आता त्याच पात्रात मिथिल ऑरेंज. पिवळा रंग नारिंगीकडे झुकला की दुसरे रीडिंग. या टप्प्याला पहिल्याइतकेच आम्ल लागले तर पाण्यात फक्त कार्बोनेट. जास्त लागले तर ते जास्तीचे बायकार्बोनेटचे. खुप्पल आणि दल्ला यांतला जो फरक मजूर बोटाने ओळखत असे, तो असा आकड्यात उतरतो.

क्लोराइड मोजताना नवशिका हमखास फसतो. सिल्व्हर नायट्रेटने मोजणी करायची, दर्शक पोटॅशियम क्रोमेट, विटकरी रंग दिसला की थांबायचे, हे पुस्तकात असते. पण लोणारचे पाणी जसेच्या तसे घेतले तर क्लोराइडबरोबर कार्बोनेटही चांदी ओढून घेते आणि मिठाचे प्रमाण फुगून येते. आधी पाणी बेताने उदासीन करावे लागते, आणि तेही क्लोराइड असलेले हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून नव्हे. आम्ल जास्त पडले तरी मोजणी बिघडते. ही पायरी का, हे ज्याला समजले त्याला हाताखालचा नमुना बदलला तरी अडत नाही. बाकी अभ्यासक्रमात तराजू, भारात्मक विश्लेषण, पीएच मीटर, कलरीमीटर, फ्लेम फोटोमीटर, द्रावणांचे प्रमाणीकरण, आणि आम्ल सांडले किंवा डोळ्यात उडाले तर काय करायचे, हे सगळे येते. अल्कलीच्या ब्युरेटची काचेची तोटी धुवायची राहिली तर ती चिकटून कायमची जाते, हेही इथेच कळते. बहुतेकांना एक तोटी गेल्यावर कळते.

शिक्षण झाले, पण काम कुठे? महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि रासायनिक कारखाने अंबरनाथ, तारापूर, पाताळगंगा, महाड, लोटे परशुराम या कोकणपट्टीच्या वसाहतींत दाटले. रसायनीचा हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स आणि ट्रॉम्बेचा खत कारखाना ही सरकारी नावे त्याच पट्ट्यातली. रसायन गटाचे ट्रेडही मुख्यतः अशा पट्ट्यांच्या आसपासच्या संस्थांत रुजले. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. जवळचे मोठे स्टेशन मलकापूर. देऊळघाटसारख्या गावातल्या, शेती आणि मजुरी करणाऱ्या मराठी किंवा उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलाला या धंद्यात शिरायचे तर मलकापूरला मुंबईची गाडी पकडण्यावाचून पर्याय नसे. त्यामुळे जिल्ह्यातली बरीच मुले फिटर, वायरमन, इलेक्ट्रिशियन या ट्रेडकडे वळली, आणि त्यात चूक काहीच नव्हती; मोटारपंप गावोगाव होते, ब्युरेट नव्हती.

जिल्ह्यात प्रयोगशाळा आली ती कारखान्यांमुळे नव्हे, माती आणि पाण्यामुळे. १९५५-५६ मध्ये देशात माती परीक्षणाच्या प्रयोगशाळांचा कार्यक्रम सुरू झाला. केंद्रात कृषिमंत्री तेव्हा पंजाबराव देशमुख होते, म्हणजे वऱ्हाडचेच. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये अकोल्याला निघाले. जिल्हा पातळीवर मृद चाचणीची सरकारी यंत्रणा आली, भूजलासाठी १९७२ मध्ये भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली, आरोग्य खात्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा आल्या. दहावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांमुळे शाळा-कॉलेजांत प्रयोगशाळा सहायक आणि परिचर ही पदे आली. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ सुरू झाल्यावर बुलढाण्याची कॉलेजे त्याला जोडली गेली. रसायन घेऊन बी.एस्सी. होणे घरून जमू लागले आणि या मुलांना जिल्ह्यातच थोड्याफार जागा दिसू लागल्या.

या प्रयोगशाळांत नोकरीला लागलेल्याचे पहिले शिक्षण नमुन्यापासून सुरू होते. शेतात ठिकठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेऊन वीतभर खोलीपर्यंतची माती खरवडायची. बांधाजवळची, झाडाखालची, खत पडलेल्या जागेची घ्यायची नाही. गोळा झालेल्या ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले मिसळून पुन्हा चार भाग, असे करत अर्धा किलो उरवायचा. लोखंडी घमेल्यात माती कालवली तर पुढे लोहाचा आकडा वाढून येतो. पुढचे मोजमाप कितीही काटेकोर केले तरी नमुना चुकलेला असेल तर सगळे फुकट. म्हणून जुने सहायक नव्याला यंत्रापाशी नेण्याआधी शेतात नेतात. २०१५ मध्ये आलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू, विद्युतवाहकता, सेंद्रिय कार्बन, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये असे बारा आकडे असतात. कामाचा बोजा त्यामुळे एकदम वाढला.

पाण्याचा प्रश्न जिल्ह्यात दोन तऱ्हांचा आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे; शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा हे तालुके त्यात येतात. शेजारच्या अकोला जिल्ह्यात दहिहंड्याच्या खाऱ्या विहिरींवर १९३० च्या एप्रिलमध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तो याच पाण्याच्या जोरावर. इथल्या तपासणीत विरघळलेले क्षार आणि क्लोराइड आधी पाहतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विद्राव्य क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० मिलिग्रॅम आहे. घाटावर, देऊळघाटच्या बाजूला, पाणी तुलनेने गोडे. तिथे लक्ष ठेवावे लागते ते नायट्रेटवर. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि ते खतांतून व सांडपाण्यातून झिरपते.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर विषय गेला आणि नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा रंग आल्याचे आघारकर संस्थेने सांगितले. असल्या तपासणीसाठी नमुना आजही जिल्ह्याबाहेर जातो.

रोजची तपासणी मात्र उलट दिशेने सरकली आहे. २०१९ च्या जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावातल्या निदान पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. सामू, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, उरलेले क्लोरीन या चाचण्या संचातल्या थेंबांनी आणि रंगपट्टीने होतात. नळीतला रंग पट्टीवरच्या रंगाशी उजेडात ताडून पाहायचा आणि आकडा नोंदवायचा. मर्यादेच्या वर काही आढळले तर त्याच स्रोताचे पाणी स्वच्छ बाटलीत भरून, गाव, स्रोत, तारीख आणि वेळ लिहून प्रयोगशाळेकडे पाठवायचे असते, आणि तिथला सहायक ते पुन्हा ब्युरेटवर घेतो.